नदीचे पात्र आणि आपला समाज

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या वर्षी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. आपल्या संमेलनांतून शिक्षण, लग्नातील खर्च, वसतिगृह, शिष्यवृत्त्या या विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे दरवर्षी होतात आणि ती व्हावयासच हवीत. परंतु जिच्यामुळे आपला समाज आपला म्हणून ओळखला गेला, त्या नदीविषयी आपण क्वचितच बोलतो. आपण ढीवर, आपण भोई. मासे धरणे, डोंगा वल्हविणे, माणसे पैलतीरी पोचविणे आणि उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरवाडी लावणे, ही आपल्या वाडवडिलांची कामे. ही सर्व नदीच्या पात्रावर अवलंबून. म्हणून आज नदीच्या पात्राविषयीच बोलण्याची अनुज्ञा घेतो. मी अभियंता नव्हे. शाळेत मुलांना भूगोल शिकविला आणि लहानपण कन्हानच्या काठी घालविले, एवढीच माझी शिदोरी आहे. शिवाय या विषयात माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे सांगावयाची आहे. ती शेवटी सांगेन.

प्रथम पात्र म्हणजे काय ते पाहू. शहरातल्या माणसाला वाटते की, नदीचे पात्र म्हणजे पाणी वाहण्याकरिता असलेला एक खोलगट रस्ता. वस्तुतः सपाट मुलखातील नदी आपले पात्र स्वतः घडविते आणि दरवर्षी थोडे थोडे बदलते. वळणावर बाहेरच्या काठाशी पाण्याचा जोर अधिक असतो. तो काठ कापला जातो आणि तेथे डोह पडतो. आतल्या काठाशी पाणी मंदावते आणि तेथे रेती साठते. एका डोहापासून दुसऱ्या डोहापर्यंत मध्ये उथळ जागा असते. याच जागेवरून गुरे नदी ओलांडतात, बैलगाड्याही तेथूनच जात. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला की मासळी डोहात तग धरते आणि पहिल्या पुराबरोबर पुन्हा पसरते. डोह गेला की मासळीचे बियाणेच गेले.

आमच्या गावी दिवाळी उलटल्यावर पाणी ओसरले की, समाजातील चार जाणती माणसे नदीत उतरत आणि बांबूने मोजून ज्याला त्याला वाडीची जागा वाटून देत. ही वाटणी दरवर्षी नव्याने करावी लागे. लहानपणी मी माझ्या आजोबांना विचारले होते, "आबाजी, मागच्या साली आपली वाडी त्या बाभळीसमोर होती, औंदा इकडे काऊन?" ते म्हणाले, "नदीनं जागा बदलली, मंग आपन बी बदलाव." शेताचा सातबारा असतो, रेतीचा नसतो. पात्र हलते हे गृहीत धरून आपल्या लोकांनी आपला व्यवहार बसविला होता. रेतीत चर खणावेत, खाली ओल लागेपर्यंत जावे, खत घालून टरबूज, खरबूज, काकडी यांचे बी टोचावे, आणि फाल्गुन-चैत्रात माल नागपूरच्या बाजारी आणावा. त्या रेतीत हात-दीड हात खणले की झिऱ्याला स्वच्छ पाणी लागे. सारे गाव ते पाणी पीत असे. रेती ही नदीची कोरडी जागा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, रेती म्हणजे पाण्याची साठवण आहे. पावसाळ्यात ती भरते आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना हळूहळू परत देते.

आता या घडामोडीचा नियम सांगतो. ई. डब्ल्यू. लेन या अमेरिकन अभियंत्याने १९५५ मध्ये तो तराजूच्या रूपाने मांडला. एका पारड्यात नदी वाहून आणते ती रेती व तिच्या कणांचा जाडपणा. दुसऱ्या पारड्यात नदीचे पाणी व तिच्या तळाचा उतार. दोन्ही पारडी समतोल असली की पात्र स्थिर राहते. काठ कापला जातो, भरला जातो, पण एकंदर तळ वरही येत नाही आणि खालीही जात नाही. रेती कमी झाली किंवा पाण्याचा वेग वाढला, तर नदी आपला तळ खोदू लागते. रेती वाढली किंवा पाणी कमी झाले, तर तळ भरून वर येतो. एवढा एक नियम लक्षात ठेवला तर माणसाच्या हातून नद्यांचे जे जे झाले ते बहुतेक सारे समजते.

दुसऱ्या देशातील दोन उदाहरणे देतो, म्हणजे ही केवळ आपल्या मुलखाची गोष्ट नव्हे हे दिसेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या शोधात पाण्याचे प्रचंड फवारे मारून डोंगर धुऊन काढण्यात आले. ती सारी दगडमाती सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यात उतरली, पात्रे भरून वर आली, आणि खालच्या सपाटीवरील शेते व गावे पुरात बुडू लागली. शेवटी १८८४ मध्ये न्यायालयाने तो प्रकार थांबविला. पण आलेला गाळ एका दिवसात गेला नाही. गिल्बर्ट या भूगर्भशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हाही तो गाळ नदीतून खाली सरकतच होता. ही रेती वाढल्याची गोष्ट झाली.

वेग वाढल्याची गोष्ट जर्मनीतील ऱ्हाइन नदीची. टुल्ला या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे १८१७ पासून तिची वळणे कापून ती सरळ करण्यात आली. बासेल ते वर्म्स या भागात तिची लांबी सुमारे ८० किलोमीटर कमी झाली. हेतू चांगला होता. पूर टळावेत, दलदल हटावी, शेतीला जमीन मिळावी, आणि त्यातले पुष्कळसे साधलेही. परंतु सरळ झालेली नदी वेगाने धावू लागली, काही ठिकाणी तिने आपला तळ कित्येक मीटर खाली नेला, काठच्या जमिनीतील पाणी उतरले आणि तेथील मासेमारांचा धंदा हळूहळू बुडाला. तेथेही नदीवर पोट असलेला एक वर्ग होता आणि योजना आखताना त्याला कोणी विचारले नव्हते. यात नवल नाही.

आता आपल्या घराकडे वळू. हे शहर ज्या नदीवरून नाव सांगते त्या नाग नदीपासूनच आरंभ करतो. ती पश्चिमेस लाव्हा गावाकडील टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावावरून येते, शहराच्या मध्यातून वाहते, पूर्वेस पिवळ्या नदीला, म्हणजे पिली नदीला, भेटते आणि पुढे कन्हानला मिळते. गोंड राजा बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या आरंभी हे नगर वसविले. त्याचा मुलगा चांद सुलतान याच्या काळात जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, झाला. शहराच्या पाण्याकरिता अंबाझरीचा मातीचा बांध १८७० च्या सुमारास झाला. तेव्हापासून माणसाने नागचे पाणी अडवले, वळविले आणि वापरले. त्यात वावगे काही नाही. पण पुढे काय झाले? नदीचा पूर पसरण्याची जी सखल जागा होती तिच्यावर वस्ती झाली, मग ती वस्ती राखण्याकरिता दोन्ही बाजूंनी भिंती आल्या, आणि शहराचे सांडपाणी तिच्यात सोडण्यात आले. आज शहरातील निम्मी माणसे तिला नदी न म्हणता नाला म्हणतात. ज्या क्षणी आपण नदीला नाला म्हणतो, त्या क्षणी तिचे रुंद होण्याचे स्वातंत्र्य आपण मनातून काढून घेतो.

नदी मात्र ते विसरत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शहरावर १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, म्हणजे वर्षभराच्या सरासरीचा जवळपास दहावा हिस्सा. अंबाझरी भरून सांडली आणि सांडव्याखालच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी घरात शिरले. माणसे दगावली, हजारो संसार भिजले. सांडव्यासमोरील बांधकामांचा आणि अरुंद झालेल्या पात्राचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या दिवशी गुडघाभर चिखल होता. तेव्हा अधिक वर्णन करीत नाही. एवढेच म्हणतो की, त्या पहाटे नाग नदी कोणाच्या घरात शिरली नाही. ती आपल्या जुन्या पात्रात परत आली, आणि तेथे आपण राहत होतो.

दुसरी गोष्ट पाणी अडविण्याची. कन्हान सातपुड्यात छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते. तिची मोठी बहीण म्हणावी अशी पेंच, तीही तिकडचीच. खापरखेड्याजवळ बीना येथे कन्हान, पेंच आणि कोलार यांचा संगम होतो. पेंचवर नवेगाव खैरीचा बंधारा आणि त्याच्या वर तोतलाडोहचे मोठे धरण झाले. त्या पाण्यावर नागपूर शहर जगते, शेती होते, वीज केंद्रे चालतात. धरण नको होते असे मी मुळीच म्हणणार नाही. पण मघाचा तराजू आठवा. धरणाच्या भिंतीशी पाणी थांबते आणि त्याबरोबर रेतीही थांबते. पाणी दरवाज्यातून पुढे जाते. रेती मागे तळाशीच राहते. पेंच जी रेती शतकानुशतके बीनाच्या संगमावर आणून कन्हानच्या पदरात टाकीत होती, तिचा मोठा भाग आता जलाशयात अडून राहतो. खाली जे पाणी येते ते रेतीवाचून येते, आणि असे पाणी भुकेले असते; ते खालचा तळ आणि काठ खाते. तोतलाडोह या नावातच डोह आहे, हे आपल्या मुलांना सांगा. गावे, घाट, देवळे यांची नावे डोहांवरून पडली, कारण डोह हे नदीतील कायमचे ठिकाण होते.

पुढे पेंचवरच वरच्या अंगाला मध्यप्रदेशात चौराईचे धरण झाले. २०१९ मध्ये पाऊस लांबला तेव्हा नागपूरला दिवसाआड पाण्यावर राहावे लागले. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, वर अतिवृष्टी झाली, धरणांचे दरवाजे उघडावे लागले आणि पारशिवनी, कामठी, मौदा तालुक्यांतील काठची गावे पाण्याखाली गेली. तीच गत त्या दिवसांत वैनगंगेकाठी भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत झाली. पूर्वीचा पूर चढत चढत येई. त्याचा रंग, त्यावर वाहत येणारा पालापाचोळा पाहून आपली माणसे डोंगे वर ओढून घेत. दरवाज्याचा पूर असा वेळ देत नाही.

वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ११ किलोमीटरहून लांब धरण, ३३ दरवाजे, आणि अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट. माझ्या मामांचे गाव त्याच्या पाण्याखाली आहे. आंभोऱ्याला जेथे वैनगंगा, कन्हान आणि इतर नद्यांचा संगम होतो, जेथे चैतन्येश्वराच्या दर्शनाला आपण जात असू आणि उन्हाळ्यात रेतीत उतरून जेवत असू, तेथे आता बाराही महिने तुंबलेले पाणी असते. लोक ते पाहावयास येतात, आणि ते सुंदरही दिसते. पण ती नदी राहिली नाही, जलाशय झाला. वाहते पाणी थांबले की त्यातील गाळ खाली बसतो; रेतीचा तळ चिखलाचा होतो; वाहत्या पाण्यातील मासळी कमी होते आणि तळ्यातील वाढते. शिवाय या शहराची घाण नागमार्गे कन्हानला आणि कन्हानमार्गे याच जलाशयाला जाते. वाहत्या नदीत ती पुढे तरी गेली असती. थांबलेल्या पाण्यात ती थांबते आणि तिच्यावर जलपर्णी पोसते. मामांच्या घरची मंडळी पुनर्वसनाच्या गावठाणात राहतात. घर मिळाले, रस्ता मिळाला. डांगरवाडीची भरपाई मात्र मिळाली नाही, कारण रेतीचा सातबारा नव्हता. जी गोष्ट आपल्या व्यवहाराचे शहाणपण होती, तीच कागदावर आपली उणीव ठरली.

तिसरी गोष्ट राखेची आणि मातीची. कोराडी व खापरखेडा येथील वीज केंद्रांची राख मोठमोठ्या तलावांत साठविली जाते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांतून, नाल्यांतून नदीकडे गेले. राखेचा थर बसला की रेतीच्या कणांमधील फटी बुजतात, झिरा कोरडा पडतो आणि मासळीला अंडी घालावयास जागा उरत नाही. पुराने वरून सारे धुऊन निघाले असे दिसते, पण आतील फटी लवकर मोकळ्या होत नाहीत.

चौथी गोष्ट रेती काढण्याची, आणि हीच आपल्या सर्वांत जवळची. नागपूरच्या कोणत्याही घराची भिंत खरवडा, आत कन्हानची रेती निघेल. आपली स्वतःची घरेही तिनेच बांधली आहेत. एकेकाळी बैलगाडीने आणि फावड्याने काढलेली रेती पुढच्या पुरात भरून निघे. पुढे ट्रॅक्टर आले, मग टिप्पर, मग पोकलेन. शाळेत मी मुलांना एक उदाहरण सोडवावयास देत असे. १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल खड्ड्यातून किती रेती निघेल? उत्तर, १५,००० घनमीटर. म्हणजे सुमारे ५,३०० ब्रास. हातफावड्याने एका पिढीला जे काम पुरले असते, ते यंत्राने एका हंगामात होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२२ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन रेती-खडी वापरली जाते. नद्या एवढ्या वेगाने ती तयार करू शकत नाहीत.

रेतीचा खड्डा जेथे खणला तेथेच राहत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पूर आला की खड्ड्याच्या वरच्या कडेवरून पाणी धबधब्यासारखे उडी घेते आणि ती कडा कापीत कापीत वरच्या दिशेने सरकत जाते. खड्ड्याच्या खालच्या बाजूस रेती खड्ड्यातच अडल्यामुळे पुढील पाणी भुकेले होते आणि तेही तळ खाते. अशा रीतीने एका गावच्या हद्दीतील घाट वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही गावांचे पात्र खाली नेतो. नदीचा तळ खाली गेला की काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते. पुलांच्या पायांभोवतीची रेती जाऊन ते उघडे पडतात. डोह आणि उथळ हा भेद नाहीसा होतो. आणि खालची चिकण माती उघडी पडली की तेथे बेशरमाची झुडपे माजतात. त्या जागी पुन्हा वाडी होत नाही.

कायदे नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात असा निर्णय दिला की, लहान घाटांनाही पर्यावरणाची परवानगी घ्यावी लागेल. केंद्र सरकारने २०१६ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन मीटरपेक्षा खोल जाऊ नये, पावसाळ्यात काढू नये, पुलांपासून अंतर राखावे, नदी वर्षाला किती रेती आणते ते आधी मोजावे, असे त्यांत सांगितले आहे. आपल्या राज्याने २०२३ मध्ये सरकारी आगारांतून ६०० रुपये ब्रास दराने रेती देण्याचे ठरविले आणि २०२५ मध्ये पुन्हा नवे धोरण आणले. धोरणे बदलतात. परंतु रात्रीच्या अंधारात घाटावर काय चालते हे मुंबईला दिसत नाही. ते काठावरच्या माणसाला दिसते. आणि काठावरचा माणूस म्हणजे आपण.

येथे मी माझी गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या ग्रामसभेपुढे रेतीघाटाच्या लिलावास शिफारस द्यावी असा विषय आला. गावाला पैसा मिळणार होता. त्यातून शाळेची पडकी भिंत आणि समाजमंदिराचे छप्पर करावयाचे ठरत होते. तरुणांना ट्रॅक्टरवर काम मिळणार होते. मी तेव्हा शेजारच्या गावी नोकरीस होतो आणि सुटीत घरी आलो होतो. माझे अक्षर चांगले, म्हणून ठराव लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आमचे काका तेव्हा पंच्याहत्तरीला पोचलेले, ते एकटेच उठून म्हणाले, "मास्तर, रेती गेली तं पानी बी जाईल." सभेत हशा झाला नाही, पण कोणी ऐकलेही नाही. मी त्यांना समजावले, "काका, नदी आहे ती. पुढच्या पुरात पुन्हा आणील." भूगोलाच्या पुस्तकात मी तेच वाचले होते आणि तेच शिकविले होते. ठराव एकमताने झाला. काकांनीही माझ्या शब्दावर अंगठा दिला.

माझे म्हणणे चूक नव्हते, अर्धे होते. नदी रेती आणते, पण तिच्याकडे येऊ दिलेलीच रेती ती आणू शकते. आमचे गाव बीनाच्या संगमाच्या खाली आहे. पेंचची रेती तोतलाडोहला अडलेली. कन्हानची वरच्या गावांच्या घाटांवर उपसलेली. मग आमच्या खड्ड्यात भरावयास येणार काय? हे मी बेरीज-वजाबाकीने त्याच दिवशी सांगू शकलो असतो. सांगितले नाही, कारण विचारच केला नाही. पहिल्या वर्षी खड्डे पडले. तिसऱ्या वर्षी ठिकठिकाणी तळाची चिकण माती दिसू लागली. झिरा आटला, गावच्या विहिरीत दोर वाढवावा लागला. घाटाची शेवटची पायरी नदीच्या तळापासून माणसाच्या छातीएवढी उंच राहिली. चौथ्या वर्षी पंचांनी वाडीची वाटणी केलीच नाही, कारण वाटावयास रेती नव्हती. एका पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा अंदाज न आल्याने आपल्यातील एक शाळकरी मुलगा त्यात गेला. त्याचे आजोबा ज्या जागी उन्हाळ्यात टरबुजाची राखण करीत, तीच ती जागा.

शाळेची भिंत झाली. समाजमंदिराचे छप्परही झाले. तो ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहे आणि अक्षर माझे आहे. मी कोणाला दोष देण्यास उभा राहिलो नाही. ज्या मुलांनी ट्रॅक्टर हाकले ती आपलीच मुले, आणि त्यांना दुसरे काम मिळत नव्हते हेही खरे. काका गेले. त्यांची क्षमा मागावयाची राहून गेली. म्हणून ती आज आपणां सर्वांसमोर मागतो.

बंधु-भगिनींनो, मग करावयाचे काय? धरणे फुटणार नाहीत आणि फुटावीत असे आपण म्हणत नाही. घरे बांधणे थांबणार नाही. दगड फोडून केलेली रेती वापरता येते. वेस्टर्न कोलफील्ड्सने आपल्याच जिल्ह्यात उघड्या कोळसा खाणींवरील मातीतून रेती वेगळी काढण्याचे काम केले आहे. नवे घर बांधणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाने ही रेती मागावी. कोठून आली हे न विचारता रात्री आलेली रेती घेऊ नये. आपण मासेमारांची मुले रात्रीची रेती विकत घेणार असू, तर नदीविषयी आपण इतरांना काय सांगणार?

दुसरे, ग्रामसभेपुढे नदीचा कोणताही विषय येवो, घाटाचा, बंधाऱ्याचा, भिंतीचा किंवा पात्र खोल करण्याचा, आपल्या माणसांनी तेथे हजर राहावे आणि तीन प्रश्न विचारावेत. येथे दरवर्षी किती रेती येते आणि ती कोणी मोजली? वरच्या गावांत व धरणांत किती अडते? आणि खालच्या गावाचे काय होईल? या तिहींची उत्तरे मिळेपर्यंत आपल्यातील कोणा मास्तराने आपल्या सुंदर अक्षरात ठराव लिहू नये.

तिसरी गोष्ट मंडळाने करावयाची आहे. या स्मरणिकेत आपण दरवर्षी कुटुंबांची यादी, विवाहेच्छूंची माहिती आणि गुणवंतांची छायाचित्रे छापतो. माझी विनंती अशी की, पुढील वर्षापासून तिच्यात चार पाने नदीची असावीत. प्रत्येक गावच्या सत्तरी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांना विचारून आपल्या घाटांची आणि डोहांची नोंद करावी. डोहाचे नाव काय, तो कोठे होता, किती बांबू खोल होता, त्यात कोणती मासळी होती, गुरे कोठून पार होत, वाडी कोठे लागे, मोठ्या पुरात पाणी कोणत्या झाडापर्यंत चढले होते, हे सारे लिहून काढावे. मरळ, शिंगटी, झिंगे ही नावे आज मुलांना केवळ बाजारात ऐकावयास मिळतात. वाडीच्या कामात बायकांचा वाटा मोठा होता, म्हणून आपल्या मायमाउलींना आधी विचारावे. ही माहिती कोणत्याही कचेरीत नाही. ती आहे तोवर लिहिली नाही, तर पंधरा वर्षांनी कोणी विचारील की, येथे नदी कशी होती, आणि आपण सांगू की, अशीच होती. मग झालेली हानी हानी म्हणून ओळखण्याचेही साधन उरणार नाही. रेतीचा सातबारा नव्हता म्हणून आपली बाजू कागदावर आली नाही; निदान ही नोंदवही तरी असू द्या.

आपल्या मुलांनी नदी सोडून शिकावे, नोकऱ्या कराव्यात, या शहरात घरे करावीत, हे मीही आयुष्यभर सांगत आलो आणि आजही सांगतो. यंदाच्या गुणवंतांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत हे ऐकून आनंद झाला. त्यांपैकी एखादा उद्या पुलाचा, धरणाचा किंवा नाग नदीच्या भिंतीचा आराखडा काढावयास बसेल. त्याने त्या दिवशी आपल्या आजोबांना, किंवा आजोबा नसतील तर त्या नोंदवहीला, एकदा विचारावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. आजोबांना सूत्रे ठाऊक नव्हती. पण नदी जागा बदलते आणि माणसाने तिच्यासाठी जागा ठेवावी, हे त्यांना ठाऊक होते.